भाड्याचं घर सोडताना : नुकसान कोणाचं, झीज कोणाची, डिपॉझिटमधून किती कापायचं?

तापीकाठ

मंडळी, राम राम. शाळांचे निकाल लागले, बदल्यांच्या ऑर्डरी निघाल्या की जळगाव-भुसावळपासून धुळे-नंदुरबारपर्यंत घरं बदलायची गडबड सुरू होते. रेल्वेवाले, बँकवाले, दीपनगर वीज केंद्रातले, वरणगाव फॅक्टरीतले, विद्यापीठाची मुलं, सगळ्यांची एकच वेळ. वर्षभर भाड्यावरून चकार शब्द निघालेला नसतो आणि टेम्पो दारात उभा असताना डिपॉझिटवरून वाजतं. म्हणून हा धागा.

माझ्या मते प्रत्येक डागाला, प्रत्येक भेगेला तीनच प्रश्न विचारायचे. हे कशामुळे झालं? वस्तू किती जुनी होती? घर ताब्यात घेतलं त्या दिवशी ती कशी होती? या तिन्हींची उत्तरं मिळाली की आकडा आपोआप निघतो. भांडण होतं ते तिसऱ्या प्रश्नाला कोणाकडेच कागद नसतो म्हणून.

कायदा, रंगकाम, नळकाम, वायरिंग यातलं ज्याला जे नीट माहीत आहे त्याने ते लिहावं. अनुभवाच्या कहाण्या नकोत, उपयोगाचं हवं.

कोर्टरोड

कायद्यापुरतं मी लिहितो.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०८ हे मूळ. त्यातल्या (एम) पोटकलमानुसार भाडेकरूने घर जसं मिळालं तशा स्थितीत परत द्यायचं, पण दोन गोष्टी वगळून : वाजवी वापराने होणारी झीज, आणि माणसाच्या हातात नसलेली आपत्ती. त्याच पोटकलमात मालकाला घर येऊन पाहण्याचा आणि दोष दाखवून नोटीस देण्याचा हक्क आहे. दोष भाडेकरूच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे झाला असेल तर नोटिशीपासून ३ महिन्यांत त्याने तो दुरुस्त करायचा. म्हणजे मालकाने पाच वर्षं घराकडे फिरकायचं नाही आणि शेवटच्या दिवशी वही काढायची, ही पद्धत कायद्याला अपेक्षित नाही.

(एच) पोटकलम फार कमी लोकांना ठाऊक आहे. भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने बसवलेली वस्तू, उदाहरणार्थ पंखा, गीझर, पडद्याचे रॉड, तो ताब्यात असेपर्यंत काढून नेऊ शकतो. अट एकच, जागा पूर्ववत करून द्यायची. "भिंतीला लावलं म्हणजे माझं झालं" हे मालकाचं म्हणणं चालत नाही, आणि "माझा गीझर मी नेला, भोकं तुमची" हे भाडेकरूचंही चालत नाही.

आता आपल्याकडे बहुतेक करार लिव्ह अँड लायसन्सचे (भाडेपट्टा नव्हे, नुसती राहण्याची परवानगी), ११ महिन्यांचे असतात. कलम १०८ हे भाडेपट्ट्याचं. लायसन्समध्ये करारात काय लिहिलंय ते आधी बघावं लागतं. छापील मसुद्यात बहुधा "सामान्य वापराची झीज सोडून" हे शब्द असतात. नसतील तर सहीआधी घालून घ्या. करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी धरल्या जातात. पाचशे-हजार रुपयांची नोंदणी फी वाचवण्यासाठी मालक हा धोका का पत्करतात, मला खरंच कळत नाही.

डिपॉझिट किती घ्यावं याला आपल्या राज्यात कायद्याची मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी २ महिन्यांचं भाडं म्हटलंय, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तरी त्यातलं दुसरं परिशिष्ट वाचण्यासारखं आहे. करारात वेगळं ठरलं नसेल तर रंग-सफेदी, जुने पाइप बदलणं, वायरिंग, बांधकामाची दुरुस्ती मालकाकडे. नळाचे वॉशर, तोट्या, बटणं-सॉकेट, गटार साफ करणं, दाराची कुलपं-मुठी, खिडकीच्या काचा, मच्छरजाळी भाडेकरूकडे. करारात हीच वाटणी उतरवून घेतली तर निम्मे वाद उद्भवत नाहीत.

आमोदेकर

मालकांची बाजूही मांडली पाहिजे. "झीज" या शब्दाखाली वाट्टेल ते खपवलं जातं. स्वयंपाकघरात फोडणीच्या वाफेने भिंतीवर तेलकट थर बसतो, ती झीज मान्य. पण तीन वर्षं एकदाही भिंत पुसली नाही आणि थर चिकट होऊन काळा पडला, तर ती हयगय. ओट्यावर खलबत्ता ठेवून मिरची कुटली आणि ग्रॅनाइटला तडा गेला, ती झीज नाही. सिलिंडर ओढत नेऊन टाइलवर चरे पडले, तेही नाही. कुलूप बदलून जुन्या किल्ल्या हरवल्या, तेही नाही.

आणि करारातच "घर सोडताना रंगाचा खर्च म्हणून एक महिन्याचं भाडं कापलं जाईल" असं लिहिलेलं असेल तर? सही केलीये ना?

कोर्टरोड

आमोदेकर भाऊ, हयगयीबद्दलचं सगळं पटलं. रंगाच्या अटीबद्दल मात्र भारतीय करार अधिनियम, १८७२, कलम ७४ बघा. करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. त्यामुळे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. "रंगासाठी ठरलेली ठोक रक्कम" ही भाड्याच्या हिशोबाचाच भाग म्हणून स्पष्ट लिहिली असेल तर ती बऱ्यापैकी टिकते. "नुकसान झाल्यास इतका दंड" असं लिहिलं असेल तर नुकसान किती झालं हा प्रश्न येतोच. ज्याला ही अट मान्य नाही त्याने सहीआधी खोडून घ्यावी. नंतर वाद घालणं महाग पडतं.

चुना-पुट्टी

रंगकामाचं सांगतो. घर सोडायच्या आधल्या रात्री टूथपेस्टने भोकं बुजवणारे खूप आहेत. ते करू नका. आठवड्यात ती सुकून आत खचते, आणि वरून रंग मारला की तिथे पिवळट ठिपका दिसतो.

६ किंवा ८ एमएमच्या ड्रिलच्या भोकात स्क्रूची प्लास्टिक गिट्टी असते. पकडीने ओरबाडली तर प्लास्टरचा पोपडा निघतो आणि एवढ्याशा भोकाची वाटी होते. स्क्रू अर्धा आत फिरवा आणि मग स्क्रूसकट पकडीने सरळ ओढा, गिट्टी अलगद येते. भोकातली धूळ ब्रशने काढा. पाण्याचा हलका हात फिरवा, नाहीतर कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी शोषून घेते आणि पुट्टी सुटते. व्हाइट सिमेंटची पुट्टी दोन भाग पावडरीला साधारण एक भाग पाणी, लोण्यासारखी मऊ. एकदा भरून सुकू द्या, ती थोडी आत बसेल, मग दुसरा हात. सुकल्यावर आधी १८० नंबर, मग २२० नंबरचा पेपर, त्यावर प्राइमर, मग रंग. भोक बोटाच्या पेराएवढं खोल-रुंद असेल तर आधी १:३ सिमेंट-वाळू, दुसऱ्या दिवशी पुट्टी. पीओपी दहा-पंधरा मिनिटांत आवळतं म्हणून लोक तेच वापरतात, पण ओलीच्या भिंतीवर ते फुगून पडतं.

रंगाचा ठिपका जुळत नाही, ही तक्रार खरी आहे. तोच डबा, तोच नंबर आणला तरी जुना रंग उन्हाने उतरलेला असतो. म्हणून ठिगळ लावायचं नाही, ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवायची. कोपऱ्यात उजेड बदलतो, तिथे फरक डोळ्याला कळत नाही. चारही भिंती रंगवायची गरज नसते.

तेलकट भिंतीला एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा, स्पंजने खालून वर पुसत जा. वरून खाली गेलात तर ओघळांचे डाग राहतात. हातमोजे घाला. हे ऑइल बाउंड डिस्टेंपर किंवा प्लास्टिक पेंटवरच. साधं डिस्टेंपर किंवा चुना असेल तर पाण्याने रंगच निघून येईल. आणि तेल न काढता वरून रंग मारला तर सहा महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटतात.

नळजोड

बोअरच्या पाण्याचा क्षार हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा वादाचा विषय. जळगावच्या वाढीव वस्त्यांत, धुळ्यात देवपूरच्या बाजूला, जिथे बोअरवर काम चालतं तिथे शॉवरची भोकं बुजतात, नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, टाइल्सवर पांढरट पडदा येतो. क्षार पाण्याचा दोष, भाडेकरूचा नाही. नळाचा वॉशर गेला, स्पिंडल घासला, गीझरचं एलिमेंट क्षाराने फुटलं तर त्या वस्तूचं आयुष्य संपलं असं धरायचं. मात्र नळ गळतोय हे सहा महिने सांगितलंच नाही आणि बेसिनखालची लाकडी पेटी कुजली, तर पेटी भाडेकरूच्या खाती.

जाताना साफ करायचं तर एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम निंबूसत (सायट्रिक ॲसिड). फडकं भिजवून नळाला गुंडाळा, १५-२० मिनिटांनी मऊ ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. शॉवरची जाळी काढून त्यातच बुडवून ठेवा.

आता जे कळकळीने सांगायचंय ते. शहाबादी, कोटा, संगमरवर यावर निंबूसतही नको, ॲसिड तर मुळीच नको. हे चुन्याचे दगड आहेत, आम्ल त्यांना खातं. फरशी स्वच्छ दिसते ती वरचा गुळगुळीत थर गेला म्हणून, आणि सुकली की खरखरीत, फिकट पडते. त्याला पुन्हा पॉलिशशिवाय इलाज नाही. संडासचं ॲसिड क्रोमच्या नळावर पडलं तर नळ काळा पडतो, टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट विरघळतं, नानी ट्रॅपच्या (मोरीतल्या जाळीखालच्या भांड्याच्या) कडेने पाणी खाली उतरायला लागतं. डिपॉझिट वाचवायला गेलेले लोक असंच खरं नुकसान करून बसतात. आणि ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच नाही, विषारी वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये जीवावर बेतेल.

फेज-न्यूट्रल

जळलेलं सॉकेट कोणाचं? वॉटने ठरवा. पाणी तापवायचा १५०० वॉटचा रॉड २३० व्होल्टला साधारण साडेसहा अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटात लावला तर सॉकेट तापणार, प्लास्टिक पिवळं मग काळं होणार. ही चुकीची वापराची पद्धत, खर्च भाडेकरूचा. पण त्याच सॉकेटात फक्त मोबाइल चार्जर किंवा टीव्ही लागत होता आणि तरी जळलं, तर आतला स्क्रू ढिला होता. बोर्ड उघडून बघा, वायरच्या टोकाशी इन्सुलेशन करपलेलं आणि स्क्रू सैल दिसेल. तो मालकाचा. बोर्ड उघडण्याआधी मेन स्विच बंद.

तापीकाठ

कूलरचं कोणीच लिहिलं नाही. मे महिन्यात जिथे पारा ४५ च्या आसपास जातो तिथे कूलर ही चैन नाही, आणि घर सोडताना सगळ्यात जास्त खुणा त्याच्याच राहतात.

चुना-पुट्टी

बरोबर. खिडकीत बसवलेल्या कूलरच्या खुणा चार ठिकाणी शोधा. एक, खिडकीचं तावदान. कूलरसाठी झडप बिजागरीतून काढून गच्चीवर टाकतात, पावसाळ्यात ती फुगते, काच फुटते. काढल्या दिवशी कपड्यात गुंडाळून घरात ठेवा, स्क्रू एका पिशवीत घालून तिलाच बांधा. दोन, चौकट. कूलरभोवतीच्या फटीला प्लायवुड ठोकतात ते थेट सागाच्या चौकटीत खिळे मारून. ते नुकसान आहे. प्लाय तारेने गजांना बांधला तर एक खिळा लागत नाही. गज कापलेले असतील तर वेल्डिंग करून द्यावंच लागेल, त्यात झीज नाही.

तीन, बाहेरची भिंत. फ्लोट (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) नीट बसला नाही की टाकी भरून वाहते, लोखंडी स्टँडचा गंज पाण्याबरोबर उतरतो आणि खिडकीखाली तपकिरी ओघळ येतो. त्याच्यावर नुसता रंग मारला तर गंज वर येतो. घासून, प्राइमरचा हात देऊन मग रंग. चार, त्याच खिडकीच्या आतल्या बाजूचं प्लास्टर. बाहेरून सतत भिजलेली भिंत आतून फुगते, हात लावला की पीठ पडतं. ही ओल कूलरची की घराची, यावर हमखास वाद. कूलरची ओल खिडकीखालीच असते आणि कूलर बंद झाल्यावर महिन्याभरात सुकते. जोत्यापासून गुडघ्यापर्यंत सगळ्या भिंतीला चढलेली ओल जमिनीतली, छताजवळची गच्चीची, बाथरूमला लागून असलेली त्या पाइपची. या तिन्ही मालकाच्या.

शंका असेल तर दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टी लावून बसवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर खोलीतली दमट हवा.

आमोदेकर

हे उपयोगी आहे. भेगा आणि फुटलेल्या टाइल्सचंही सांगा. आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याचं. स्लॅबला हुक नसेल तर लोक स्वतः ड्रिल मारून हुक ठोकतात.

चुना-पुट्टी

झोक्याची पाळी आधी. स्लॅब ओततानाच सळईला अडकवलेला हुक असेल तर त्यालाच झोका. नंतर ड्रिल मारून बसवलेल्या हुकाने आतल्या सळईला धक्का लागू शकतो, तिथून गंज धरतो आणि झोक्याच्या हिसक्याने काँक्रीटचा तुकडा खाली येतो. डिपॉझिटपेक्षा लेकराच्या डोक्याची काळजी मोठी. मालकाला विचारल्याशिवाय स्लॅबला ड्रिल लावायचंच नाही. झोका अंगणातल्या निंबाला.

भेगा : तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायऱ्यांसारखी भेग जाते. कॉलम आणि विटांच्या सांध्यातली सरळ उभी भेग दोन वेगळ्या मालाच्या आकसण्याची. दोन्हींचा भाडेकरूशी काडीचा संबंध नाही.

टाइल : नाण्याने ठोका. आजूबाजूच्या दोन-चार टाइल्सही पोकळ वाजत असतील, मधून उचलल्यासारख्या झाल्या असतील, तर खाली माल भरला नाही किंवा सांधा न सोडता बसवल्या. उन्हाने फुगून उठल्या. मालकाचं. एकाच टाइलवर ताऱ्यासारखा टवका आणि खाली भरीव आवाज, तर वरून जड वस्तू पडली. भाडेकरूचं.

कोर्टरोड

आता हिशोब. आकडे समजावण्यापुरते आहेत. डिपॉझिट २०,०००. मालकाची मागणी : पूर्ण घराचा रंग १२,०००, फुटलेली काच ६००, गळका नळ ९००, दोन टाइल्स ३,०००. एकूण १६,५००.

रंग शेवटचा दिला त्याला ३ वर्षं झाली. घराच्या आतल्या रंगाचं आयुष्य ४ वर्षं धरलं तर उरला एक चतुर्थांश. शिवाय पेनाने रेघोट्या एकाच भिंतीवर आहेत. ती भिंत रंगवायचा खर्च १,६००, त्याचा चौथा हिस्सा ४००. काच जुनी झाली म्हणून तिची किंमत उतरत नाही, पूर्ण ६००. नळ क्षाराने गेला, शून्य. टाइल्सपैकी एक पोकळ वाजते, ती सोडा. दुसरी आपटून फुटली, १,५००. बेरीज २,५००, परत द्यायचे १७,५००. प्रत्येक कापलेल्या रकमेसमोर बिल किंवा मिस्त्रीचं लेखी कोटेशन.

आमोदेकर

रंगाचं आयुष्य ४ वर्षं कोणी ठरवलं? मी ६ वर्षांनी देतो.

कोर्टरोड

कायद्याने ठरवलेलं नाही. म्हणूनच करारात एक ओळ घाला : "अंतर्गत रंग अमुक साली दिला, आयुष्य अमुक वर्षं धरावं." ६ धरली तर वरच्या उदाहरणात ४०० चे ८०० होतील. एवढ्याचसाठी माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

तापीकाठ

शेवटच्या दिवसांचा क्रम कसा ठेवावा?

कोर्टरोड

करारातल्या मुदतीप्रमाणे, बहुधा एक महिना आधी, लेखी नोटीस. व्हॉट्सॲपवर पाठवली तरी पोस्टानेही एक प्रत. घर सोडायच्या दोन आठवडे आधी मालक आणि भाडेकरूने दिवसा, सामान अजून जागेवर असतानाच, एकदा फिरून यादी करायची, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. सामान गेल्यावर दुसरी फेरी. कपाटामागचं तेव्हाच दिसतं. दरवाजापासून सुरू करून न थांबता एकच व्हिडिओ, प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक दिवा लावून, मीटरचा आकडा दाखवून. मूळ फाइल मूळ फोनमध्ये ठेवा. कोर्टात लागली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

किल्ल्या देताना ताबा पावती : तारीख, किल्ल्यांची संख्या, मीटरचं रीडिंग, मान्य कपात, उरलेली रक्कम आणि ती कोणत्या तारखेला मिळणार. दोघांच्या सह्या. ही पावती नसेल तर "ताबा मिळालाच नाही, भाडं चालू आहे" असा वाद पुढे उभा राहतो.

डिपॉझिटमधून शेवटच्या महिन्याचं भाडं परस्पर वळवू नका, करारभंग तुमच्याकडून होतो. मालकाने सामान अडवून ठेवणं किंवा दबावासाठी वीज-पाणी तोडणंही चालत नाही. आवश्यक सेवा तोडण्यावर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ ची बंदी आहे.

पैसे दिलेच नाहीत तर स्पीड पोस्टाने पोहोच पावतीसह नोटीस, १५ दिवसांची मुदत. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे जिल्हा न्यायालयाच्या आवारात कार्यालय असतं. लोकअदालतीत कोर्ट फी नाही, आणि तिथे झालेली तडजोड हुकूमनाम्याइतकीच पक्की. त्यातूनही नाही जमलं तर दिवाणी न्यायालय. पैसे मागण्याची मुदत ३ वर्षं, ती उलटू देऊ नका.

फेज-न्यूट्रल

वीजबिलाचं राहिलं. महावितरणचं बिल महिन्याच्या मधल्याच तारखेचं असतं, म्हणून ताबा देताना शेवटचं बिल भरलेलं असलं तरी मधले दिवस उरतात. शेवटच्या बिलावरचं रीडिंग आणि आजचं रीडिंग यातला फरक काढा, गेल्या बिलाचा सरासरी युनिट दर लावा, स्थिर आकार दिवसांच्या प्रमाणात घ्या, आणि तेवढीच रक्कम मालकाकडे ठेवा. कूलरच्या दिवसांत हा आकडा छोटा नसतो. पुढचं बिल आल्यावर फरक इकडे-तिकडे करून घ्यायचा, तशी एक ओळ ताबा पावतीत लिहा.

आमोदेकर

लिहून घेतलं. पुढच्या करारात रंगाच्या सालाची ओळ आणि दुरुस्त्यांची वाटणी दोन्ही घालतो. नळांच्या, बोर्डांच्या आणि खिडक्यांच्या फोटोंवर पहिल्याच दिवशी दोघांच्या सह्या.